पेंटबॉलचा ट्रिगर ‘हलका’ करण्याआधी

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत सुटीतल्या साहसी खेळांची ओळख करून देणारा लेख आला. त्यातल्या पेंटबॉलच्या (रंग भरलेल्या गोळ्या एकमेकांवर झाडण्याच्या खेळाच्या) परिच्छेदात म्हटले होते की, बंदूक चांगली की वाईट हे ट्रिगरवरून ओळखावे. जरा बोट लागले की सुटते ती चांगली, आणि मैदानावर तशीच मागून घ्यावी. खेळणाऱ्यांमध्ये ही समजूत जुनीच आहे. आता मैदाने चालवणारेही तिच्या नादी लागले आहेत आणि गिऱ्हाईक खूश व्हावे म्हणून भाड्याच्या बंदुकांचे ट्रिगर आवळून, म्हणजे स्क्रूने त्यांची चाल कमी करून, ठेवू लागले आहेत. लोणावळा, कर्जत, पुण्याच्या आसपासची रिसॉर्ट, गोवा, कुठेही पाहा; शनिवार-रविवारी येणाऱ्यांतले बहुतेक जण ही वस्तू जन्मात पहिल्यांदा हातात धरत असतात. त्यांच्या हाती आवळलेला ट्रिगर देणे धोक्याचे आहे. हा धोका नेमका कुठल्या भागात, कशामुळे तयार होतो हे दाखवल्याशिवाय कुणाला पटणार नाही, म्हणून पत्र लांबले आहे.

या बंदुकीला खेळात मार्कर म्हणतात. तोडायच्या झाडांवर आणि गुरांवर लांबून रंगाची खूण करण्यासाठी अमेरिकेत तो वापरात होता. 27 जून 1981 रोजी न्यू हॅम्पशर राज्यातल्या हेनिकर इथे 12 जण नेलस्पॉट 007 नावाचे मार्कर घेऊन झाडीत शिरले आणि तिथून खेळ सुरू झाला. त्या मार्करमध्ये प्रत्येक गोळीनंतर हाताने पुन्हा कॉक करावे, म्हणजे पुढच्या गोळीसाठी सज्ज करावे लागे. त्यामुळे एकदा ट्रिगर ओढल्यावर दोन गोळ्या सुटणे शक्यच नव्हते. (जिंकलेल्या रिची व्हाइटने त्या दिवशी एकही गोळी झाडली नव्हती.) आजच्या मार्करमध्ये त्याला जोडलेल्या बाटलीतला गॅसच आतला हातोडा मागे ढकलतो आणि पुढच्या गोळीची तयारी करतो. ही सोय आली तेव्हापासून ट्रिगरच्या चालीला महत्त्व आले.

ट्रिगरची चाल दोन तुकड्यांत मोजतात. बोट लागल्यापासून गोळी सुटेपर्यंतची चाल ती प्रीट्रॅव्हल. गोळी सुटल्यानंतरही ट्रिगर थोडा मागे जातो, ती ओव्हरट्रॅव्हल. मोटारसायकल चालवणाऱ्याला हे लगेच कळेल. क्लचच्या केबलला थोडा फ्री प्ले ठेवतात. तो पुरता काढला तर लिव्हरला बोट लागताच क्लच सुटतो, हाताला बरे वाटते, पण प्लेटा पूर्ण बसत नाहीत आणि जळून जातात. ट्रिगरचा मोकळा खेळही असाच आहे. बोटाला तो वाया गेल्यासारखा वाटतो, पण आतल्या भागांना त्याची गरज असते.

आत काय घडते ते पाहू. भाड्याने देण्यासाठी जगभर चालतात ते टिपमन 98 सारखे साधे ब्लोबॅक मार्कर. त्यात स्प्रिंगच्या जोरावर पुढे झेपावणारा एक जड हातोडा असतो. तो व्हॉल्व्हवर आपटला की गॅस सुटतो. थोडा गोळी ढकलतो, थोडा हातोड्याला परत मागे फेकतो. हातोड्याला मागे अडवून धरतो तो सिअर, म्हणजे एक छोटासा पोलादी अडसर. त्याचा ओठ हातोड्याच्या खाचेत अडकलेला असतो, आणि ही पकड फार तर एक-दोन मिलिमीटरची असते. मार्कर उघडून सिअर उजेडात धरला तर ओठावर एक चकचकीत रेघ दिसते. स्प्रिंगचा सगळा जोर त्या रेघेवर पेललेला असतो.

खरी गंमत सिअरच्या पिनमध्ये आहे. बहुतेक ब्लोबॅक मार्करमध्ये या पिनचे भोक गोल नसते, लांबट असते. ट्रिगर ओढला की सिअर कलतो, ओठ खाचेतून निघतो आणि हातोडा सुटतो. हातोड्याचा रेटा गेला की एक बारीक स्प्रिंग सिअरला त्या लांबट भोकात सरकवते. त्याबरोबर सिअर ट्रिगरच्या टोकावरून निसटतो आणि पुन्हा आपल्या जागी उभा राहतो. आपले बोट अजून ट्रिगरवर दाबलेले असते, तरी सिअर मोकळा झालेला असतो. मागे गेलेला हातोडा परत येताना त्याच्यावर अडकतो. बोट सोडल्यावर ट्रिगर पुढे येऊन सिअरखाली शिरतो, तेव्हा ‘टिक’ असा हलका आवाज येतो. एका ओढीला एकच गोळी, हे सगळे त्या मिलिमीटरभर सरकण्यावर अवलंबून आहे.

आता ट्रिगर आवळणारा काय करतो? ट्रिगरच्या मागे बसवलेला ओव्हरट्रॅव्हलचा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू) तो आत घेत जातो. ट्रिगर छोटा होतो, कडक थांबतो, बोटाला छान लागतो. एका मर्यादेनंतर मात्र ट्रिगर इतका कमी मागे जातो की सिअरला त्याच्या टोकावरून निसटायला जागाच उरत नाही. सिअर कललेलाच राहतो, परतणाऱ्या हातोड्याला अडवायला कुणी नाही, आणि बोट दाबलेले असेपर्यंत मार्कर तडातडा गोळ्या ओकतो. पुढचा, म्हणजे प्रीट्रॅव्हलचा स्क्रू जास्त आवळला तर चूक वेगळी होते. ट्रिगर बोट न लावताच थोडा ओढलेला राहतो, ओठाची खाचेवरची पकड पातळ होते आणि मार्कर जमिनीवर टेकवताना बसलेल्या धक्क्यानेही हातोडा सुटू शकतो. कधी उलटे होते: ट्रिगर पुरेसा पुढेच येत नाही, सिअरखाली शिरत नाही आणि दुसरी गोळी सुटतच नाही. हा दोष त्यातल्या त्यात निरुपद्रवी म्हणायचा. पहिले दोन्ही नव्हेत.

मैदानावर असे झाले की सरसकट खेळणाऱ्या मुलांना दोष दिला जातो, ‘तू ट्रिगर दाबून धरलास’ म्हणून. दाबून धरला तरी एकच गोळी सुटायला हवी. सुटल्या नाहीत एकाहून जास्त, तर मार्कर बरा. सुटल्या तर दोष मार्करचा आणि तो लावणाऱ्याचा. निदान करायला एक सोपी खूण आहे. बोट सोडल्यावर गोळ्या थांबत असतील तर ओव्हरट्रॅव्हलचा स्क्रू पाहावा. बोट सोडूनही मार्कर चालूच राहत असेल तर गॅस कमी आहे किंवा सिअरचा ओठ झिजला आहे. अशा वेळी घाईने सेफ्टीचे बटण दाबण्यात वेळ घालवू नये. ते फक्त ट्रिगर अडवते. सुटलेल्या हातोड्याशी त्याचा काही संबंध नाही. नळी जमिनीकडे करावी, कॉकिंग हँडल मागे ओढून घट्ट धरावे आणि बाटली सैल करावी. भाड्याने देताना ही एवढी गोष्ट प्रत्येक मैदानावर शिकवली गेली पाहिजे.

ज्यांना ट्रिगर लावायचाच आहे त्यांच्यासाठी रीत सांगतो. डोळ्यांवर मास्क, कामाच्या टेबलाशीसुद्धा. आधी वरचा गोळ्यांचा डबा काढावा, नळीतली गोळी सुरक्षित दिशेला झाडून टाकावी, मग नळीवर कव्हर चढवावे. बाटली थोडी सैल केली की तिच्या तोंडची पिन बंद होते. मग ट्रिगर ओढत राहून मार्करमध्ये उरलेला गॅस संपवावा. शेवटी एक-दोनदा तो फडफडेल, ते साहजिक आहे. त्यानंतरच बाटली पूर्ण उतरवावी. हातोडा पुढे गेलेला आहे याची खात्री झाल्याशिवाय मागचे झाकण उघडू नये, नाहीतर स्प्रिंग आणि तिच्यातली सळई थेट तोंडावर येते.

पहिले काम स्वच्छतेचे. ट्रिगर जड लागतो म्हणून आणलेल्या मार्करमध्ये पुष्कळदा फक्त सुकलेला रंग आणि माती निघते. ट्रिगरची पिन, सिअरची पिन आणि ते लांबट भोक कोमट पाण्याने, जुन्या टूथब्रशने घासून कोरडे करावे. ट्रिगर आपल्या स्प्रिंगवर झटकन पुढे येतो का ते पाहावे. तेवढ्याने तक्रार मिटली तर स्क्रूला हात लावूच नये.

स्क्रू फिरवायचाच असेल तर आधी त्याची मूळ जागा नोंदवावी: पूर्ण आत जाईपर्यंत किती फेरे लागतात ते मोजून, परत तेवढेच बाहेर आणून, कागदावर लिहून ठेवावे. पुढे काही बिघडले तर परतीचा रस्ता तोच. ॲलन की योग्य मापाची घ्यावी. अमेरिकी मार्करमध्ये इंची मापे असतात आणि आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो तो मिलिमीटरचा संच. 1/16 इंच म्हणजे 1.59 मिमी; तिथे 1.5 ची की घातली तर ती सैल बसते आणि दोनदा जोर लावला की स्क्रूचे षटकोनी भोक गोल होऊन जाते. 1/8 इंच म्हणजे 3.18 मिमी, तिथे 3 ची की हेच करते. 5/64 आणि 2 मिमी मात्र जवळजवळ सारखे आहेत. दोन-तीनशे रुपयांचा इंची संच नसल्यामुळे अख्खा ट्रिगर बदलायची वेळ येते.

ओव्हरट्रॅव्हलपासून सुरुवात करावी; प्रीट्रॅव्हल नंतर, आणि भाड्याच्या मार्करवर कधीच नाही. एका वेळी पाव फेरा. 8-32 या इंची मापाच्या आट्यांचा स्क्रू पूर्ण फेऱ्यात 0.79 मिमी सरकतो, मिलिमीटरच्या मापातला एम4 चा 0.7, एम3 चा 0.5. म्हणजे पाव फेरा झाला तर जेमतेम 0.2 मिमी, आणि एवढ्यावर सिअर निसटतो की अडकतो हे ठरते. दर पाव फेऱ्यानंतर गॅस न लावता हाताने कॉक करून, ट्रिगर अगदी सावकाश ओढून धरावा. ट्रिगर तसाच दाबून ठेवून कॉकिंग हँडल पुन्हा मागे ओढावे आणि सोडावे. हातोडा मागे अडकून राहिला तर सिअर मोकळा होतो आहे. नुसताच पुढे परतला तर मर्यादा ओलांडली. तिथून स्क्रू किमान अर्धा फेरा परत बाहेर घ्यावा. पाव फेरा पुरत नाही, कारण पिन झिजतात, भोकात माती जाते, आणि आज बरोबर वाटणारे माप महिन्याभरात बिघडते.

जागा ठरली की स्क्रूच्या आट्यांवर निळ्या लॉकटाइटचा (आटे धरून ठेवणाऱ्या द्रवाचा) एक थेंब लावून 24 तास ठेवावे. लाल वापरू नये, तो तापवल्याशिवाय सहसा निघत नाही. प्लास्टिकच्या भागांवर त्याचा ओघळ जाऊ देऊ नये. काही प्लास्टिकना त्याने चिरा पडतात. लॉकटाइट न लावलेला ग्रब स्क्रू मार्करच्या हादऱ्यांनी हळूहळू फिरतो, आणि शनिवारी तपासलेला मार्कर रविवारी दुपारी वेगळा वागतो.

सिअरचा ओठ कानशीने घासून ट्रिगर गुळगुळीत करण्याचा उद्योग तर कृपया कुणी करू नये. ओठाचा वरचा थर कठीण केलेला असतो. तो घासला की खालचे मऊ पोलाद भराभर झिजते, शिवाय कोन बदलतो. ओठाची कड गोल झालेली दिसली की सिअर बदलणे हाच उपाय. तो मार्करमधल्या स्वस्त भागांपैकी आहे.

एवढे केल्यावर गॅस लावून, गोळ्या न भरता, मास्क घालून चाचणी. दहा वेळा भरभर ओढावा, दहा वेळा इतका सावकाश की सुटण्याचा क्षण कळूच नये. दोष या सावकाश ओढीतच सापडतो, भरभर ओढताना लपून राहतो. मग सेफ्टी लावून ट्रिगर जोरात दाबावा, सोडावा, सेफ्टी काढावी. या वेळी काहीही सुटता कामा नये. कॉक केलेल्या मार्करच्या दोन्ही बाजूंवर आणि मागच्या टोकावर रबरी हातोडीने टकटक करावी. शेवटी बाटली संपत आली असताना पुन्हा दहा वेळा. ही शेवटची चाचणी बहुतेक जण टाळतात, आणि खेळात मात्र तीच वेळ हमखास येते.

कारण गॅस. दाब कमी झाला की हातोडा मागे येतो, पण सिअरच्या पलीकडे पोचत नाही. अर्ध्यातूनच परत फिरून व्हॉल्व्हवर आपटतो, थोडा गॅस सुटतो, पुन्हा अर्ध्यात. फर्रर्र असा आवाज येतो. कार्बन डायऑक्साइडचा बाटलीतला दाब तापमानावर चालतो: 15 अंशांना सुमारे 51 बार, 20 ला 57, 30 ला 72. हिवाळ्यात लोणावळ्याला सकाळी आठ वाजता आणि दुपारी दोनला तोच मार्कर दोन वेगळे मार्कर असतात. भराभर गोळ्या झाडल्या तरी बाटली गार पडून दाब उतरतो. 31 अंशांच्या वर बाटलीत द्रव उरतच नाही आणि दाब किती चढेल ते किती भरले आहे यावर ठरते. म्हणून बाटली काट्यावर ठेवूनच भरावी, आतला गॅस तिच्यावर कोरलेल्या वजनापेक्षा जास्त नको, आणि मे महिन्यात बंद गाडीत तर ती ठेवूच नये. शक्य असेल त्यांनी रेग्युलेटर असलेल्या दाबलेल्या हवेच्या बाटल्यांकडे वळावे; दाब स्थिर राहतो आणि निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

याच कारणाने गोळीचा वेग सकाळी एकदा आणि दुपारी एकदा क्रोनोग्राफवर मोजायला हवा. 0.68 इंचाची, सुमारे 3 ग्रॅमची गोळी सेकंदाला 300 फूट वेगाने म्हणजे ताशी सव्वातीनशे किलोमीटरहून जास्त वेगाने निघते. मोकळ्या मैदानावर 280 च्या वर आणि शहरातल्या लहान आवारात 250 च्या वर जाऊ देऊ नये, असे आमचे मत आहे. वेगाचा स्क्रू फिरवताना एक घोटाळा नेहमी होतो. टिपमन 98 वर तो घड्याळाच्या दिशेने आवळला की गॅसची वाट अडते आणि वेग कमी होतो. स्पायडरसारख्या मार्करवर मागचा स्क्रू त्याच दिशेने आवळला की स्प्रिंग दाबली जाते आणि वेग वाढतो. दोन्ही प्रकारचे मार्कर एकाच मैदानावर असतील तर त्यांच्यावर रंगीत टेप लावून फरक दिसेल असे ठेवावे.

आपल्याकडच्या पावसाळ्याचा उल्लेख परदेशी माहितीपुस्तिकांत नसतो. जून ते सप्टेंबर घाटात आणि कोकणात सिअरच्या स्प्रिंगला आठवड्याभरात गंज चढतो आणि ती अशक्त झाली की सिअर वेळेवर उभा राहत नाही. लक्षणे हुबेहूब आवळलेल्या ट्रिगरची. या महिन्यांत दर खेळानंतर मार्कर उघडून कोरडा करावा, हातोड्याच्या ओ-रिंगला (रबरी कडीला) मार्करसाठीच्या तेलाचा एखादा थेंब द्यावा. डब्ल्यूडी-40 गंज सोडवायला ठीक, पण ओ-रिंगचे वंगण ते नव्हे. गोळ्यांचे कवच जिलेटिनचे असते, दमट हवेत ते फुगते आणि गोळी नळीतच फुटते. फुटलेल्या गोळीचा रंग खाली ट्रिगरपर्यंत झिरपतो, मग पुन्हा तेच जडपण.

इलेक्ट्रॉनिक मार्करबद्दल थोडक्यात, कारण ते ज्याचे त्याचे असतात. तिथे ट्रिगर थेट सिअरला नव्हे, तर स्विच किंवा प्रकाशाच्या सेन्सरला चालवतो, आणि ट्रिगरवर पुढचा थांबा, मागचा थांबा, परतीचे चुंबक किंवा स्प्रिंग असे स्क्रू. स्विच लागल्यानंतर ट्रिगर किंचित पुढे जाऊ द्यावा, नाहीतर स्क्रूचा सगळा भार स्विचवर पडून तो मरतो. पुढचा थांबा स्विच लागण्याच्या बिंदूला खेटून ठेवला आणि चुंबक फार दुबळे केले तर मार्करच्या स्वतःच्या धक्क्यानेच ट्रिगर थरथरतो आणि एका ओढीला दोन गोळ्या मोजल्या जातात. उपाय म्हणून आधी परतीचा जोर वाढवावा, मग पुढचा थांबा सैल करावा, आणि तरीही राहिले तर इलेक्ट्रॉनिक बोर्डवरचा डिबाउन्स (एका ओढीनंतर किती वेळ पुढची नोंद घ्यायची नाही ते माप) वाढवावा. बरेच जण सुरुवातच डिबाउन्सपासून करतात, त्याने मूळ दोष झाकला जातो.

पालकांनी किंवा कंपनीची सहल नेणाऱ्यांनी मैदानावर गेल्यावर फक्त एवढे मागावे: आमच्यासमोर एक मार्कर गोळ्या न भरता सुरक्षित दिशेला धरा, ट्रिगर ओढून दाबूनच ठेवा, आणि किती वेळा आवाज होतो ते ऐकू द्या. अर्ध्या मिनिटाचे काम आहे. मास्कवर एएसटीएम एफ1776 (पेंटबॉलच्या डोळ्यांच्या संरक्षणाचे अमेरिकी मानक) ही खूण आहे का आणि काचेला चीर नाही ना, हेही तेवढ्यात पाहून होते.

आणखी एक. त्या लेखासोबतच्या छायाचित्रात मैदानात उभ्या असलेल्या तरुणाच्या हातात मार्कर आहे, नळीवर कव्हर नाही आणि मास्क कपाळावर सरकवलेला आहे. पेंटबॉलमध्ये डोळ्याला होणाऱ्या गंभीर इजा मुख्यतः अशाच, मास्क काढलेल्या क्षणी होतात. हे छायाचित्र पुन्हा वापरू नये आणि ट्रिगरबद्दलच्या त्या वाक्याची दुरुस्ती येत्या पुरवणीत छापावी, ही विनंती.

आपले,
पेंटबॉल मार्करची देखभाल-दुरुस्ती करणारे तंत्रज्ञ,
पुणे